नानांनी मारलेली खडूची फुली

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. ठेवणाऱ्यांची मी भरपूर टिंगल केलेली आहे. मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचनाशास्त्र, शिकवण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. डिसेक्शन हॉलला लागून असलेल्या खोलीत बसून मी रोज पोळीभाजी खाल्ली आहे. भूत-बित असतं तर ते सगळ्यात आधी मला भेटलं असतं, कारण शेजार त्याचाच होता!

पण पंधराएक वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात माझ्या बाबतीत जे घडलं, त्यात भूत नाही, सावली नाही, काही नाही. एक वास आहे, एक खडू आहे आणि माझे वडील आहेत. तुमच्या सदरातले अनुभव वाचून मी जशी हसते तसे तुम्हीही खुशाल हसा. माझ्या मराठीत मधूनमधून हिंदी डोकावेल, तेवढं सांभाळून घ्या. जन्म झाँसीत गेला.

आमचं घर झाँसीच्या नगरा भागात, रेल्वे यार्डाच्या अगदी जवळ. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना मूळ भुसावळकडचे, रेल्वेत लागून झाँसीला आले आणि इथलेच झाले. ते ट्रेन एक्झामिनर होते. गाडी येऊन थांबली की हातोडीनं चाकं वाजवत, एकेक डबा तपासत जायचं, हे त्यांचं काम. त्या काळी चाकांच्या धुरीच्या, म्हणजे ॲक्सलच्या, टोकाला एक लोखंडी पेटी असायची, आत तेलात भिजवलेल्या सुती चिंध्या. नाना प्रत्येक पेटीवर पालथा हात ठेवून बघायचे, तापली आहे का. तापली तर आतलं तेल आणि चिंध्या जळायला लागायच्या. याला म्हणायचे 'हॉट ॲक्सल'. वेळेत लक्षात आला नाही तर धुरी तुटून डबा रुळांवरून खाली. म्हणून असा डबा सापडला की त्यावर खडूनं फुली मारायची, गाडीतून तोडायचा आणि 'सिक लाइन'वर, म्हणजे आजारी डब्यांच्या रुळावर, पाठवायचा. दुरुस्त होऊन आला की पुन्हा पालथा हात लावायचा, फुली ओल्या फडक्यानं पुसायची आणि म्हणायचं, "फिट."

नानांच्या नाकाची यार्डात ख्याती होती. हात लावायच्या आधीच ते सांगायचे, मागून चौथा डबा बघा. ड्यूटीवरून आले की त्यांच्या कपड्यांना तो जळक्या तेलाचा वास यायचा आणि आई त्यांना आधी मोरीत पिटाळायची. माझ्या लहानपणाचा वास कुठला विचाराल तर हाच. मोगरा वगैरे आमच्या नशिबी नव्हता.

नानांचा एक कायदा होता. हिंदी यार्डात, मराठी घरात. स्टाफशी ते फक्कड हिंदीत बोलायचे, पण उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की मराठी. आई गेली, भाऊ पुण्याला स्थायिक झाला, तरी माझ्याशी फोनवरसुद्धा मराठीच. मला ते मंदू म्हणायचे.

मग नाना विसरायला लागले. आधी चष्मा, मग रस्ता, मग आई गेली आहे हे. मी कॉलेजचं क्वार्टर सोडून नगऱ्याच्या घरी राहायला आले. दिवसा सोबतीला रामकली नावाची बाई ठेवली. ती जवळच्या टहरौली गावची, आठवीपर्यंत शिकलेली, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आणि शहाणपणात दहा वर्षांनी मोठी.

इथे थोडी ॲनाटॉमी सांगावी लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मेंदूचे मधोमध उभे दोन भाग केले की आतल्या अंगाला एक पट्टी दिसते, पातळाच्या काठासारखी वळत गेलेली. तिला लिंबिक भाग म्हणतात, आणि लिंबस या शब्दाचा अर्थही काठ असाच आहे. हा काठ वरून मागे जातो, वळून खाली येतो आणि पुढच्या टोकाला आत दुमडून त्याचा एक आकडा होतो. तो अंकस. या खालच्या काठाच्या आत घडी घालून ठेवल्यासारखा हिप्पोकॅम्पस असतो, नव्या आठवणी साठवणारा. आणि एक गंमत... दिसणं, ऐकणं, स्पर्श, हे सगळं आधी मेंदूतल्या एका मधल्या जंक्शनवर थांबून मग पुढे जातं. वास तेवढा न थांबता थेट या काठाशी येतो. नानांच्या आजारात पहिली कसर लागते ती याच काठाला. म्हणून अशा माणसांची आठवण आणि वास, दोन्ही लवकर जातात.

नानांचा स्कॅन आम्ही ग्वाल्हेरला करून घेतला होता. ज्या काठावर बोट ठेवून मी जन्मभर पोरांना शिकवलं, तो माझ्याच बापाच्या डोक्यात दोन्ही बाजूंनी विरून गेलेला होता. फिल्म उजेडावर धरली आणि पहिल्यांदा वाटलं, हा विषय आपण घेतला नसता तर बरं झालं असतं.

त्यानंतर महिन्याभरात नाना मला म्हणाले, "मैडम, आप किस डिपार्टमेंट से हैं?"

हिंदीत! म्हणजे मी आता घरची राहिले नव्हते, स्टाफ झाले होते. मी मराठीत बोलायची, ते हिंदीत उत्तर द्यायचे, अगदी अदबीनं. त्या अदबीनं जास्त रडू यायचं. मला देवाकडून त्यांचं बरं होणंबिणं नको होतं. फिल्म मी पाहिली होती. एवढंच हवं होतं की एकदा, एकदाच, त्यांना कळावं की ही आपली मुलगी आहे.

हाताची सवय मात्र गेली नव्हती. सवयींचं खातं मेंदूत वेगळीकडे असतं, ते या आजारात बराच काळ शाबूत राहतं. नाना घरभर फिरून फ्रिजला, टीव्हीला, कुकरला पालथा हात लावायचे. खिशात खडू असायचाच, नाहीतर शोधत बसायचे, म्हणून मीच कॉलेजातून आणून द्यायचे. दोन महिन्यांत त्यांनी आमचा कूलर आणि शेजारच्या भैयाजींची स्कूटर 'सिक' ठरवली. स्कूटर खरंच आजारी होती, पण ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

डिसेंबरात मला तो वास यायला लागला.

पहिल्यांदा आला तेव्हा मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. जळकं तेल, करपलेलं सूत, गरम लोखंड... तोच, जसाच्या तसा. अर्धं मिनिट असेल. पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखं झालं आणि वाटलं, हे सगळं असंच्या असं पूर्वी घडलं आहे. मी म्हटलं, घडलंच आहे की! याच ओट्याशी, याच वासात लहानाची मोठी झाले. पोटाचं म्हणाल तर ॲसिडिटी. यार्ड घरामागे आहे, गाडी तापली असेल. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं.

आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून नानांचा आवाज आला, "हॉट एक्सल! देखो, हॉट एक्सल है!"

मी विळी टाकून धावले. मध्ये भिंत, माझ्याकडे त्यांची पाठ, आणि ते मान वर करून हुंगत होते. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! नानांना वास आला होता. म्हणजे त्या काठाचा एखादा कोपरा जिवंत होता, आणि तो जिवंत असेल तर त्यात मीही कुठेतरी असेन. मी लवंग, हिंग, कापूर, कॉफी अशा बाटल्या भरल्या आणि त्यांचे डोळे झाकून एकेक नाकाशी धरली.

"हे काय आहे, नाना?"

"कुछ नहीं।"

"आणि हे?"

"पानी होगा।"

हिंगालासुद्धा पाणी म्हणाले. रामकली नाकाला पदर लावून उभी होती आणि नानांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. बाटल्या मी गुपचूप कपाटात ठेवून दिल्या.

पण तो वास मला आठवड्यातून दोन-तीनदा येतच राहिला, आणि मी घरी असताना आला की नाना हटकून 'हॉट एक्सल' ओरडायचे. रामकलीला मात्र एकदाही आला नाही. शेवटी एका रविवारी सकाळी मी यार्डाच्या फाटकाशी गेले. तिथला एक कर्मचारी नानांना ओळखत होता. मी विचारलं, हल्ली कुठल्या गाड्यांचे ॲक्सल इतके तापतात?

तो हसला. "अरे मैडम, अब वो डिब्बे कहाँ! तेल-चिंदी वाले बॉक्स कब के चले गए, सब रोलर बेयरिंग है। वो बास तो हमने भी बरसों से नहीं सूँघी।"

शहाण्या माणसाला इथे कळायला हवं होतं. मी म्हटलं, असेल एखादा जुना डबा कोपऱ्यात पडलेला! रेल्वेवाल्याच्या मुलीला तो वास यार्डाखेरीज दुसरीकडून येऊ शकतो हे सुचतच नाही.

जानेवारीत दुसऱ्या सत्राला मी लिंबिक भाग शिकवत होते. अकराचा तास. अर्धा मेंदू हातात, सळई अंकसवर. माझं ठरलेलं वाक्य बोलले, "या आकड्याला काही टोचलं, कुठली गाठ घासली, तर पेशंटला नसलेला वास येतो. बहुधा जळका. काही सेकंद. पोटात कालवतं, आणि वाटतं की हे आधी घडलं आहे."

आणि आला. भरल्या वर्गात, यार्डापासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तोच जळक्या तेलाचा वास.

मी पोरांना विचारलं, काही जळतंय का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घड्याळाकडे पाहिलं, बाराला दहा कमी. वर्ग तिथेच सोडला. मनात म्हटलं, बोलता बोलता आपणच आपल्या मनात भरवलं.

घरी रामकलीची वही उघडली. नाना किती वाजता अस्वस्थ होतात ते डॉक्टरांना दाखवायला मीच तिला लिहायला लावलं होतं. त्या दिवशीच्या पानावर तिच्या ठसठशीत अक्षरांत होतं : '११.५० – बाबूजी चिल्लाए, हाट एक्सल'.

"रामकली, हे बरोबर आहे ना? घड्याळ बघून लिहिलंस?"

"हओ जिज्जी, घड़ी देख कें लिखो है। बाबूजी तो आँगन में बैठे हते, एकदम ठाड़े हो गए।"

योगायोग, असं मी स्वतःला बजावलं. आवाज जरा मोठा झाला असावा, कारण रामकलीनं मला न विचारता चहा करून आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. धुकं होतं, डोक्याला गडद निळा लोकरी स्कार्फ गुंडाळलेला. घराच्या फाटकाशी नाना उभे, रेल्वेचा जुना ओव्हरकोट घालून. मला थांबवलं. पालथा हात माझ्या गालाला लावला, मग कपाळाला, मग डाव्या कानाच्या वर. मग उजव्या कानाच्या वर... आणि तिथे थांबले.

त्याच क्षणी मला वास आला. नाना नाक जवळ आणून हुंगत होते. वास असेपर्यंत हात तिथे होता. वास गेला, आणि हात उचलला गेला.

"गरम है," नाना म्हणाले. खिशातून खडू काढला आणि स्कार्फवर उजव्या बाजूला दाबून फुली मारली. "ये गाड़ी आगे नहीं जाएगी। काटो इसको।"

"नाना, जाऊ द्या मला. वर्ग आहे."

"नहीं जाएगी।"

"जिज्जी, मान लो," रामकली मागून म्हणाली. "आज बाबूजी नईं छोड़हैं।"

माझा तोल सुटला. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी मी ओरडले, "मी गाडी नाही हो नाना! मी मंदू आहे! तुमची मंदू!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, फार मायेनं. मग रामकलीला म्हणाले, "हल्ला मत करो। बीमार है।"

मी स्कार्फ ओढून काढला, रामकलीच्या अंगावर टाकला आणि पायरीवर बसून पोटभर रडले. रडून झाल्यावर डोकं चालू लागलं. नसलेला वास. पोटात कालवणं. आधी घडल्याची भावना. अर्धं मिनिट. वर्षानुवर्षं परीक्षेत विचारलेला प्रश्न माझ्यासमोर सोडवून ठेवलेला होता, आणि मी महिनाभर यार्डाला दोष देत बसले होते. एखाद्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला नापास केलं असतं.

त्याच आठवड्यात ग्वाल्हेरला माझा स्कॅन झाला. उजव्या बाजूला, कानाच्या वर पण खोल आत, मेंदूच्या आवरणातून उगवलेली बोराएवढी गाठ, अंकसला टेकलेली. साधी होती, कॅन्सरची नव्हती. सर्जन म्हणाले, "वेळेत आलात. स्कूटर चालवता ना? आणखी काही महिने गेले असते तर एखाद्या दिवशी चालवता चालवता शुद्ध गेली असती." मी रोज सीपरी बाज़ारच्या गर्दीतून स्कूटरनं जायची.

ऑपरेशन दिल्लीला झालं, पुण्याहून भाऊ आला होता. वास त्या दिवसापासून आजतागायत आला नाही.

महिन्यानंतर घरी परतले. अर्धं डोकं भादरलेलं, वर रुमाल. नाना फाटकाशीच होते. मला पाहून चेहऱ्यावर काहीही उमटलं नाही. मी नुसती पुढे जाऊन उभी राहिले. पालथा हात आला. गाल, कपाळ, डावी बाजू, उजवी बाजू. जखमेवर हात इतका हलका ठेवला की रुमालसुद्धा हलला नाही. हुंगलं. बराच वेळ.

"फिट," नाना म्हणाले.

मग वळून आत गेले आणि खुंटीवरचा माझा निळा स्कार्फ काढून आणला. रामकलीनं तो धुतला नव्हता. ती म्हणाली, "बाबूजी धोउन नईं देत हते, जिज्जी।" नानांनी फडकं ओलं केलं आणि स्कार्फवरची फुली सावकाश पुसून टाकली. फुलीच्या खाली आणखी काहीतरी लिहिलेलं होतं. ते मी आधी पाहिलंच नव्हतं. माझ्यामागे कधी लिहिलं, कोण जाणे. वाकडीतिकडी तीन इंग्रजी अक्षरं, झाँसी स्टेशनचा कोड. ती मात्र त्यांनी पुसली नाहीत.

मी डोळे पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बापाशी हिंदीत बोलले. स्टाफसारखी.

"साहब, ये नीचे क्या लिखा है?"

"बेस डिपो," नाना म्हणाले, नव्या माणसाला काम समजावून सांगावं तसे. "गाड़ी मरम्मत के लिए बाहर जाती है, तो लिखना पड़ता है, लौटेगी कहाँ।" मग स्कार्फ घडी करून माझ्या हातात दिला. "ये यहीं की है। हमारी है।"

पुढच्या वर्षी नाना गेले. शेवटपर्यंत माझ्याशी हिंदीतच बोलले.

सर्जनना मी सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, वास येताना तुम्ही क्षणभर थिजत असाल, ओठ हलवत असाल, ते वडिलांनी टिपलं असेल. असेलही. फाटकाशी हे पटतं. भिंतीपलीकडून कसं टिपलं? मी शहराच्या दुसऱ्या टोकाला वर्गात असताना, बाराला दहा कमी असताना, अंगणात बसून कसं टिपलं? आणि वास 'हॉट ॲक्सल'चाच, हे मी तोवर घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तो वास हवेत नव्हताच. तो फक्त माझ्या डोक्यात होता, आणि ज्यांना कळला त्यांच्या डोक्यात वास कळण्याची जागाच उरली नव्हती. दोन्ही फिल्म माझ्याकडे आहेत. अजूनही कधीतरी उजेडावर शेजारी-शेजारी धरून बघते. उत्तर काही सापडत नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा.

मी कोण, हे नानांना शेवटपर्यंत आठवलं नाही. कुठली, ते मात्र ठाऊक होतं.